रिकाम्या यादीतला जबाब

कोऱ्या माणसाच्या नावाने आत शिरून तिने शोधाच्या चौकटीत ‘दाराचं लॉक’ असं लिहिलं आणि एंटर दाबलं. चार निकाल यायला हवे होते. पाच आले.

कोरा माणूस म्हणजे कुणी खराखुरा माणूस नव्हे. तपासणीपुरता जन्माला घातलेला खोटा कर्मचारी. त्याला ना खातं, ना शाखा, ना डोक्यावर साहेब. कंपनीच्या एकाही गटात त्याचं नाव नव्हतं. सुट्ट्यांच्या सूचना, कॅन्टीनच्या वेळा आणि सुट्या भागांची माहितीपत्रकं, एवढंच त्याच्या नशिबी. त्याला याहून जास्त काही दिसलं, तर कुठेतरी भोक पडलंय असं समजायचं. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळ्या कागदांमधून शोधून देणारी यंत्रणा नवीनच आली होती, आणि कुणाला काय दाखवायचं नि काय गाळायचं, तो भाग तिने लिहिला होता. म्हणून ऑफिसात सगळे तिला गाळणीबाई म्हणत. सुरुवातीला तिला राग यायचा. आता मागून कुणी खरं नाव घेऊन हाक मारली तर तीच वळून बघत नसे.

पाचव्या निकालाचं शीर्षक होतं ‘जबाब – लिफ्ट मेकॅनिक – गोपनीय’. खाली मजकुरातला एक तुकडा, शोधलेले शब्द ठळक केलेला: ‘…दाराचं लॉक बदलून मिळेपर्यंत लिफ्ट बंदच ठेवू, असं मी शाखा व्यवस्थापकांना सकाळीच सांगितलं होतं. त्यावर त्यांनी…’ तिथे तुकडा संपला होता.

 कंपनीत गेल्या कित्येक वर्षांत जीव गेलेला अपघात एकच. त्या दिवशी लिफ्टच्या शाफ्टमध्ये मेकॅनिक दोनच होते, आणि त्यातला एक जबाब द्यायला उरलाच नाही. दुसरा तिचा दीर.

माउसवरचा हात तिने उचलला आणि मांडीवर ठेवला. एक बोट दाबायचा अवकाश, त्यावर त्यांनी काय केलं ते कळलं असतं. घरी सासूबाई गेले कित्येक महिने हेच विचारत होत्या. “अख्ख्या कंपनीचे कागद तुझ्या हाताखालून जातात ना गं? मग तुला कसं काही कळत नाही?” ती म्हणायची, “आई, माझ्या हाताखालून जातात, पण ते मी वाचायचे नसतात.” सासूबाईंना हे कधी पटलं नाही. खरं सांगायचं तर अलीकडे तिलाही पुरतं पटत नव्हतं.

“गाळणीबाई!” काचेच्या केबिनचं दार अर्धवट उघडून मॅडमनी विचारलं. “झाली का तपासणी? चारला सगळ्या शाखांना खुलं करायचंय. शाखावाले सकाळपासून फोन करून डोकं खातायत.”

“एक निकाल जास्त येतोय. बघते आणि सांगते.”

“ऐन वेळी काढलंस का काही तरी!” म्हणत मॅडम आत गेल्या.

तिने जबाब न उघडता त्याच्या पाठीला लावलेली यादी उघडली. प्रत्येक कागदाला अशी एक यादी असते: हा कागद कोणकोणत्या गटांनी बघायचा. कुणी काही शोधलं की गाळणी आधी विचारते, हा माणूस कोणत्या गटात आहे? यादी आणि माणूस जुळले तर कागद दाखवायचा, नाहीतर असा कागद आहे याची कुणकुणही लागू द्यायची नाही. साधा हिशोब. या जबाबाची यादी मात्र साफ रिकामी होती.

आणि मग ती सरळ स्वतःच लिहिलेल्या ओळीपाशी गेली. तिला ती ओळ पाठ होती. यादी नसेल तर सर्वांना दाखवा. सुट्ट्यांच्या सूचनांना, कॅन्टीनच्या वेळांना कधी कुणी यादी लावलीच नव्हती. ते कागद कुणालाच दिसेनात तेव्हा तिने एका दुपारी घाईघाईत हे लिहून टाकलं होतं. अपघाताच्या चौकशी समितीसाठी एक वेगळा गट केलेला होता. समितीचं काम संपलं, समिती बरखास्त झाली, कुणीतरी व्यवस्थितपणे तो गट पुसून टाकला. गट पुसला तसं त्याचं नाव सगळ्या याद्यांमधून गेलं. मागे राहिल्या रिकाम्या याद्या. आणि गाळणीने एका मेलेल्या माणसाबद्दलचा जबाब सुट्टीच्या सूचनेसारखा सगळ्या मुख्य कार्यालयासमोर मांडून ठेवला.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

केबिनमध्ये उभी राहूनच तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ओळ माझीच, असंही सांगितलं. मॅडम खात्याच्या प्रमुख होत्या, फटकळ होत्या, पण चूक कबूल करणाऱ्याला त्या फाडून खात नसत.

“कुठल्या समितीचे कागद?”

“अपघाताच्या.”

मॅडमनी चष्मा काढला. साडीच्या पदराने एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. “ती तर संपली केव्हाच,” त्या म्हणाल्या.

“आणखी एक. जो जबाब मला दिसला तो माझ्या दिराचा आहे. मी उघडलेला नाही.”

“नाही उघडलास ते बरं केलंस.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला तसा आवाजही नेहमीचा झाला. “आता ऐक. चारच्या आत ते भोक बुजव. आणि गळती झाली त्या काळातली नोंद काढ. कुणी उघडलं, केव्हा उघडलं. मला संचालकांना अहवाल द्यायचाय. डोळ्यांसमोर गोपनीय लिहिलेलं असताना ज्याने उघडलं, त्याचं नाव वर जाणार. मग कुणी का असेना.”

“दोन दिवस मागितले तर? शाखांना सोमवारी खुलं करू.”

“आणि कारण काय सांगू? आमच्या गाळणीला भोक पडलं म्हणून?”

नोंदी सांभाळायचं काम आजोबाकडे होतं. आजोबा तिशीतला होता. कॉलेजातच केस पांढरे झाल्यामुळे त्याला ही बढती मिळालेली. कोण कुठल्या दाराने आत आलं, कुठला कागद उघडला, किती पानं उलटली, छापून घेतला का, सगळं त्याच्या यंत्रात साठत असे. तो कुणाशी फारसं बोलत नसे. एवढं ठाऊक असलेल्या माणसाने गप्प राहावं हेच बरं, असं तो म्हणायचा.

त्याने गळतीच्या काळातली नोंद काढली. समितीचे बाकीचे कागदही उघडे पडले होते, पण त्यांना कुणी हात लावला नव्हता. एका जबाबाला मात्र लावला होता. पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरत गेल्या. सगळ्या सकाळच्या. सगळ्या स्टोअरच्या खिडकीवरच्या संगणकावरून. सगळ्या एकाच नावाच्या.

आजोबाने खुर्ची थोडी मागे घेतली. “हे… तुझे भाऊजीच ना?”

“तेच,” ती म्हणाली. अपघातानंतर भाऊजींना दुरुस्तीच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. नोकरी गेली नाही हे नशीब समजा, पुन्हा काही कानावर आलं तर सरळ दार दाखवू, असं त्यांना त्याच वेळी ऐकवलेलं. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून शीळ घालणारा माणूस आता खिडकीआड बसून नटबोल्ट मोजून देत होता. घरी ताटावर येऊन बसायचा, जेवायचा, उठायचा. घरात कुणी मोठ्याने हसलं तरी सासूबाई त्याच्याकडे बघून डोळ्यांनी दटावायच्या. आणि आता याच माणसाचं नाव घेऊन ती केबिनमध्ये जाणार होती.

“मी जरा खाली जाऊन येते,” ती म्हणाली.

“मॅडमना काय सांगू?”

“नोंद अजून निघतेय म्हणून सांग.”

“म्हणजे खोटं सांगू?”

“थोडंसं.”

स्टोअर इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर. तेलाचा आणि पुठ्ठ्याचा मिसळलेला वास, छतापर्यंत गेलेली लोखंडी मांडणी, आणि पुढे जाळीची खिडकी. भाऊजी कुणाला तरी दोराच्या पुल्या मोजून देत होते. तिला बघून त्यांनी फक्त मान हलवली. घेणारा गेल्यावर ती खिडकीपाशी गेली.

“भाऊजी, एक विचारायचंय. तुम्ही रोज सकाळी तुमचा जबाब उघडता?”

त्यांचा चेहरा उतरला. पण ततपप केलं नाही.

“उघडतो.”

“कसा सापडला तुम्हाला?”

“शोधला नव्हता, वहिनी. देवाशपथ. एका शाखेने दाराचं लॉक मागवलं होतं. त्याचा नंबर बघायला लिहिलं, तर वरच हा. माझाच जबाब.” त्यांनी समोरचं रबरी शिक्क्याचं पॅड उगाचच सरळ केलं. “आधी वाटलं, कुणीतरी माझी गंमत करतंय.”

“एकदा वाचलात, समजू शकते. पण रोज?”

 मांडणीच्या मागे कुणीतरी खोकं ओढत होतं, त्याचा फरशीवर घासल्याचा आवाज येत राहिला.

“समितीच्या निकालात काय लिहिलं, वाचलंत ना तुम्ही? दोघा मेकॅनिकांचा निष्काळजीपणा. लॉक खराब आहे हे त्यांनी कुणालाही कळवलं नाही. म्हणजे गेलेला तोही दोषी, राहिलेला मीही दोषी. पहिले काही दिवस मी म्हणायचो, साफ खोटं आहे. मग हळूहळू वाटायला लागलं, एवढ्या मोठ्या माणसांनी सगळं बघून लिहिलंय, तर आपणच काही विसरतोय का? आपण खरंच सांगितलं होतं का शाखा व्यवस्थापकांना? का नुसतं मनात आलं होतं सांगायचं?” त्यांनी वर बघितलं. “जबाब त्याच आठवड्यात दिलेला. तेव्हा सगळं ताजं होतं. तो वाचला की कळतं, सांगितलं होतं. मग दिवसभर काम करता येतं मला.”

 जाळीला धरलेली बोटं तिने सोडली.

“भाऊजी, ते आज बंद होणार. चारच्या आधी. दिसायलाच नको होतं ते कुणाला. माझीच चूक होती.”

“बंद करा ना. तुमचं कामच आहे ते.” मग थोड्या वेळाने: “ज्यांनी बघायला पाहिजे त्यांना तर दिसेल ना?”

“समिती संपली. आता गटच नाही तो. कुणालाच दिसणार नाही.”

“मग ठेवलंय कशाला?”

 नियम सांगता आला असता, पण नियम सांगायची ती वेळ नव्हती.

“समितीने तुम्हाला बोलावलं होतं ना? समोर बसवून विचारलं असेल.”

“नाही हो. एका खोलीत कारकुनाने संगणकासमोर बसवलं, म्हणाला, काय घडलं ते स्वतःच लिहा. कागद नाही, सही नाही. लिहून झालं, त्याने बटण दाबलं. गरज पडली तर समिती बोलावेल म्हणाला. समितीवर कोण आहे तेही सांगितलं नाही, दबाव येतो म्हणून. मी वाट बघत बसलो. बोलावलंच नाही. निकालच आला.”

जिना चढताना तिच्या डोक्यात एवढंच घोळत होतं. बोलावलंच नाही. वर पोचली तोवर तिला धाप लागली होती. आजोबाच्या शेजारी बसत ती म्हणाली, “त्या जबाबाची नोंद पुन्हा काढ. पण गळती सुरू झाली तिथून नको. जन्मापासूनची काढ.”

“मॅडमनी गळतीच्या काळातली मागितलीय.”

“जन्मापासूनची काढ रे बाबा.”

आजोबाने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. नोंद निघाली. सगळ्यात वर जबाब लिहिला गेल्याची ओळ होती. त्याखाली गळती सुरू झाल्यानंतरची पहिली सकाळ आणि भाऊजींचं नाव. मधे काहीही नव्हतं.

“नीट निघाली का? काही सुटलं असेल.”

“सुटत नाही.”

“त्यांनी छापील वाचला असेल.”

“छापला तरी नोंद येते. कुणाला पाठवला तरी येते. वहीत उतरवून घ्यायचा तर आधी उघडावा तर लागेल ना?” आजोबाचा आवाज आपोआप खाली आला. “हा जबाब समितीतल्या कुणीही उघडलेला नाही. कधीच.”

“शाखा व्यवस्थापकांचा बघ.”

त्याने बघितला. तो जबाब समितीच्या काळात उघडलेला होता. अनेकदा. छापलेलाही होता. समितीतल्या तिघांनी उघडला होता. पहिलं नाव एका संचालकांचं, दुसरं कायदेशीर सल्लागारांचं. तिसरं नाव वाचून दोघंही काचेच्या केबिनकडे बघायला लागले. आत मॅडम फोनवर कुणाला तरी ठणकावून सांगत होत्या, चार म्हणजे चार.

“आता काय करणार तू?” आजोबाने विचारलं.

खरोखर काय करणार होती? मागितली तेवढी नोंद दिली असती, तर त्यात एकच नाव होतं, आणि ते नाव संध्याकाळपर्यंत कंपनीबाहेर गेलं असतं. नाव दडपावं, तर त्या नोंदीवर तिचा स्वतःचा कधी विश्वास बसला नसता. शिवाय आजोबाने ते करू दिलं नसतं. पूर्ण नोंद द्यावी, तर ती ज्यांच्या टेबलावर ठेवायची त्यांचंच नाव गैरहजर होतं. दिराची नोकरी, आपली नोकरी, सगळं एका कागदावर येऊन बसलं होतं. तिने दोन्ही नोंदी छापल्या आणि केबिनचं दार ढकललं.

“काढलीस? किती जण?”

“गळतीच्या काळात एकाच माणसाने उघडलाय. माझ्या दिराने. स्वतःचा जबाब, रोज.”

मॅडमनी सुस्कारा सोडला. “मला वाटलंच होतं असं काहीतरी निघणार. वाईट वाटतं गं मला. पण तूच सांग, मी काय करू शकते? यातून तू आता बाजूला हो. अहवाल मी करते.”

“ही गळतीच्या काळातली नोंद. आणि ही जन्मापासूनची.”

“ती कशाला? ती मी मागितली नव्हती.”

“हो. पण हे तुम्ही बघावं असं वाटलं.”

मॅडमनी दुसरा कागद उचलला. त्यावर वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. तरी त्या खूप वेळ बघत राहिल्या. टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला.

“मी सगळे जबाब वाचले होते,” त्या म्हणाल्या.



“वाचले होते,” मॅडम पुन्हा म्हणाल्या. या वेळी जरा हळू. “दोन वाचले. बाकीच्यांचा सारांश समितीच्या अध्यक्षांनी करून दिला होता. सगळं होतं त्यात. त्या आठवड्यात इकडे यंत्रणा बदलण्याचं काम… तुला माहितीय, घरी जायची शुद्ध नव्हती आपल्याला कुणाला.”

“सारांशात त्यांच्याबद्दल काय होतं, मॅडम?”

“लॉक खराब असल्याचं त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं. त्यांनी तसं मान्य केलंय, असं होतं.”

 समोरच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली. रागावून बोलायचं नाही, हे तिने जिन्यातच ठरवलं होतं, पण राग यायचा तो आलाच.

“मी जबाब उघडलेला नाही. कोऱ्या माणसाला निकालाखाली दोन ओळी दिसल्या, तेवढ्याच मी वाचल्या. न वाचता येणार नव्हत्या म्हणून. त्यात असं आहे, की दाराचं लॉक बदलून मिळेपर्यंत लिफ्ट बंदच ठेवू, असं मी शाखा व्यवस्थापकांना सकाळीच सांगितलं होतं. पुढे ‘त्यावर त्यांनी’ असं आहे. त्यावर त्यांनी काय केलं, ते मला माहीत नाही. मी बघणारही नाही. मला तो अधिकार नाही.” ती थांबली. “तुम्हाला होता.”

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. आता आपल्याला बाहेर काढणार, या ऑफिसात पुन्हा यायला मिळणार नाही, असं तिला स्पष्ट वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात चारला थोडा अवकाश होता.

“भोक बुजवायची तयारी झालीय?” मॅडमनी विचारलं.

“हो. ओळ बदलून ठेवलीय. नुसतं चालू करायचं.”

“आत्ता करू नकोस. मी सांगेन तेव्हा कर.” मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला. “आणि जाताना दार ओढून घे.”

बाहेर आल्यावर ती स्वतःच्या जागेवर गेली नाही. आजोबाच्या मागे उभी राहिली. त्याने काही न विचारता जबाबाची नोंद पडद्यावर आणून ठेवली. दोघं शेवटच्या ओळीकडे बघत राहिले. ओळ हलेना. केबिनच्या काचेतून मॅडमची पाठ दिसत होती. त्या ताठ बसल्या होत्या, हात टेबलावर होते, आणि हातांची हालचाल काही दिसत नव्हती. एका शाखेचा फोन आला. आजोबाने उचलून ‘होतंय, होतंय’ म्हटलं आणि ठेवला.

मग पडद्यावर एक ओळ उतरली. मॅडमचं नाव.

 “पान दुसरं,” आजोबा पुटपुटला. जरा वेळाने, “तिसरं.” मग बराच वेळ काहीच नाही. “तिसऱ्यावरच आहेत अजून.” तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं, तिसऱ्या पानावर काय आहे? पण आजोबालाही ते माहीत नव्हतं. पानं उलटल्याचं त्याच्या यंत्राला कळायचं, पानांवर काय आहे ते नाही.

चार वाजले आणि टळले. तीन फोन एकदम वाजायला लागले. कुणी उचलले नाहीत.

दार उघडलं तेव्हा मॅडमचा चष्मा हातात होता. डोळ्यांकडे बघायचं तिने टाळलं. मॅडम सरळ तिच्यापाशी आल्या. सगळं खातं कान टवकारून बसलं होतं, पण त्यांनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही.

“बुजव आता.”

“आणि अहवाल?”

“मी लिहितेय. जन्मापासूनची नोंद जोडायची त्याला. शाखा व्यवस्थापकांच्या जबाबाची पण काढून दे.” त्या आजोबाकडे वळल्या. “तिन्ही नावांसकट.”

“भाऊजींचं नाव…” तिला पुढे बोलता येईना.

“ते राहणारच. उघडलाय ना त्यांनी?” मॅडम जाता जाता थांबल्या. “पुढे काय होईल, मला विचारू नकोस. मला माहीत नाही. माझंही काय होईल, माहीत नाही.”

त्या आत गेल्या. तिने जागेवर बसून नवी ओळ चालू केली. यादी रिकामी असेल तर कुणालाही दाखवू नका. सुट्टीच्या सूचनांसाठी तिने ‘सर्वजण’ नावाचा एक खराखुरा गट केला होता आणि त्या कागदांना तो दुपारीच लावून ठेवला होता. कोऱ्या माणसाच्या नावाने पुन्हा ‘दाराचं लॉक’ शोधलं. चार निकाल आले. मग, नियमाप्रमाणे, आधी ज्याला दिसत होतं त्याच्या नजरेतून बघायचं होतं. तिने भाऊजींचं नाव घातलं. तेच चार. माहितीपत्रकं. काम अगदी चोख झालं होतं आणि तिला ते चोख झाल्याचं विलक्षण वाईट वाटलं.

शाखांना खुलं करेपर्यंत पुढचे काही क्षण गडबडीत गेले. त्यातच टेबलावरचा फोन वाजला. आतला नंबर होता, स्टोअरचा.

“वहिनी, गेलं ते.”

“हो भाऊजी. आत्ताच बंद केलं.”

“असू दे. बघावं म्हटलं, तुम्ही म्हणालात तसं झालं का.” ते फोन ठेवणार असं वाटलं. मागे खिडकीपाशी कुणीतरी वॉशर मागत होतं.

“भाऊजी, थांबा. बंद करायच्या आधी तो कुणीतरी उघडला होता. तुम्ही नाही. दुसऱ्या माणसाने. ज्यांना बघायचा अधिकार होता, त्यांच्यापैकी.”

 वॉशरवाला पुन्हा ओरडला, अहो, कुणी आहे का?

“शेवटपर्यंत वाचला?” भाऊजींनी विचारलं.

तिने आजोबाच्या पडद्याकडे मान वळवली. नोंद अजून तशीच उघडी होती.

“शेवटपर्यंत,” ती म्हणाली. “आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून.”

 फोन ठेवल्याचा आवाज आला नाही; रिसीव्हर नुसता बाजूला, पॅडवर किंवा कशावर तरी ठेवला असावा. तिने तो तसाच कानाला लावून धरला. पलीकडे खुर्ची सरकली, नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग खिडकीतल्या माणसाला भाऊजी विचारत असलेले ऐकू आले, “हां, बोला. कोणत्या मापाचे देऊ?”